मिळवलेले सेकंद, दिलेले सेकंद

१२ मार्च २०१७. फ्रान्समधल्या नीस शहरात पॅरिस–नीस या आठ दिवसांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा संपत आला होता. समुद्रकाठच्या रस्त्यावर दोन स्पॅनिश सायकलपटू अंतिम रेषेकडे झेपावत होते, अल्बर्टो कॉन्टाडोर आणि दाव्हिद दे ला क्रूझ. कॉन्टाडोर सकाळी निघाला तेव्हा एकूण क्रमवारीत कोलंबियाच्या सर्जिओ एनाओच्या ३१ सेकंद मागे होता. घाटात त्याने जोर लावला, एनाओला मागे टाकलं आणि एकेक सेकंद वसूल करत तो नीसमध्ये उतरला. रेषेवर मात्र दे ला क्रूझ त्याच्या आधी पोचला. टप्पा जिंकणाऱ्याला १० सेकंदांचा बोनस होता, दुसऱ्याला ६. सगळी बेरीज झाली तेव्हा एनाओ २ सेकंदांनी विजेता ठरला. शेवटच्या काही मीटरांत कॉन्टाडोर दुसऱ्याऐवजी पहिला आला असता तर त्याला ४ सेकंद जास्त मिळाले असते आणि तीच शर्यत त्याने २ सेकंदांनी जिंकली असती. आदल्या वर्षी याच शर्यतीत तो गेरंट थॉमसकडून ४ सेकंदांनी हरला होता.

आठवडाभर शेकडो किलोमीटर सायकल हाणायची आणि निकाल लागायचा तो असा. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं. सायकलची बहुटप्पा शर्यत ही घड्याळाची शर्यत आहे, ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला, मग घड्याळात नसलेले सेकंद कुठून आले, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी घड्याळ नेमकं काय मोजतं ते पाहायला हवं.

रोज टप्पा संपला की प्रत्येकाचा वेळ त्याच्या आधीच्या बेरजेत मिळवला जातो. पण सपाट रस्त्याच्या टप्प्यात दीडशेच्या आसपास सायकलपटू एकाच घोळक्यात येतात. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ चिकटवून चालवलं की वाऱ्याचा मारा खूप कमी होतो, म्हणून सहसा कोणी घोळका सोडत नाही. त्या घोळक्यातल्या सगळ्यांना एकच वेळ दिला जातो. पहिल्याला जो वेळ, तोच शंभराव्याला. हे सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, नाहीतर प्रत्येक जण ताशी साठ–सत्तरच्या वेगात एका सेकंदासाठी धक्काबुक्की करेल. पण त्यामुळे असे टप्पे एकूण क्रमवारीच्या दृष्टीने कोरडे जातात. पाच तास घाम गाळून जिंकलेल्याला आणि पाच तास इतरांच्या आडोशाने आलेल्याला घड्याळ सारखंच मोजतं. म्हणजे ‘खरा वेळ’ म्हणून आपण ज्याचा कैवार घेतो तोही आयोजकांनी नियमाने ठरवलेलाच असतो.

बोनस आला तो ही कोरडी जागा भरायला. आज मोठ्या शर्यतींत टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना साधारण १०, ६ आणि ४ सेकंद मिळतात आणि ते त्यांच्या एकूण वेळेतून वजा होतात. वाटेतल्या एखाद्या ठरलेल्या जागी छोटा बोनसही असतो. वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये बोनस नसतो, तिथे घड्याळ आणि सायकलपटू यांच्यामध्ये दुसरं कोणीच नसतं. आपल्याकडे कबड्डीत बोनस रेषा याच कामाची आहे. चढाईवाल्याने मध्यरेषेजवळ वेळ काढून परत फिरू नये, खोल शिरावं, म्हणून तिथे एक गुण ठेवलेला असतो. त्या गुणाला कोणी फुकटचा म्हणत नाही.

बोनसच्या या कल्पनेचं वय शंभर वर्षांहून अधिक आहे. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने सुरू केली. तिचा सर्वेसर्वा संपादक हेन्री देग्रांज. हा माणूस आयुष्यभर नियमांशी झगडत राहिला. १९०४ च्या गैरप्रकारांनंतर त्याने वेळेचा हिशेब सोडून गुणांची पद्धत आणली, ती १९१२ पर्यंत चालवली आणि १९१३ मध्ये पुन्हा घड्याळाकडे वळला. सायकलपटू आळसावतात, संगनमत करतात, सपाट टप्प्यांवर रमतगमत येतात, ही त्याची कायमची तक्रार होती. १९२३ मध्ये त्याने टप्पा जिंकणाऱ्याला २ मिनिटांचा बोनस देऊ केला, पुढच्या वर्षी ३ मिनिटांचा.

पण मात्रा वाढली की औषधाचं काय होतं ते १९३२ मध्ये दिसलं. त्या वर्षी पहिल्याला ४ मिनिटं, दुसऱ्याला २ आणि तिसऱ्याला १ मिनिट असा दर होता. फ्रान्सच्या आंद्रे लदुकने सहा टप्पे जिंकले आणि पॅरिसला २४ मिनिटं ३ सेकंदांच्या आघाडीने टूर जिंकली. आकडा वाचला की वाटतं, किती एकतर्फी विजय! दुसरा आला होता कुर्ट श्टॉपेल. टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर चढवणारा तो पहिला जर्मन. आता बोनस बाजूला काढा. लदुकला मिळालेला बोनस श्टॉपेलच्या बोनसपेक्षा तब्बल २४ मिनिटांनी जास्त होता. म्हणजे रस्त्यावर, घड्याळाप्रमाणे, जवळजवळ महिनाभराच्या शर्यतीनंतर दोघांत अंतर होतं ते फक्त ३ सेकंदांचं. टूरच्या इतिहासात आज सर्वांत निसटता विजय म्हणून १९८९ ची ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्यों यांच्यातली ८ सेकंदांची लढत सांगितली जाते. १९३२ मध्ये त्याहून निसटती लढत झाली होती, पण निकालपत्रकात ती दिसतच नाही.

इथे मला थांबावंसं वाटतं. लदुक चुकीचा विजेता होता असं मी म्हणत नाही. नियम सगळ्यांना आधी माहीत होते आणि बोनस नसतानाही तो ३ सेकंदांनी पुढेच होता. दुखतं ते श्टॉपेलच्या वाट्याला आलेलं विस्मरण. बोनसची रक्कम एवढी मोठी होती की तिने शर्यतीचा चेहराच झाकून टाकला. बोनसबद्दलच्या वादात ‘असावा की नसावा’ यावर खूप बोललं जातं. ‘किती असावा’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

इटलीतल्या जिरो या बहुटप्पा शर्यतीने १९८३ मध्ये हाच धडा पुन्हा दिला. जुझेप्पे सारोनी टप्प्याच्या शेवटी विजेसारखा सुटायचा, रोबेर्तो विझेंतिनी चढात आणि टाइम ट्रायलमध्ये तगडा. टप्पा जिंकणाऱ्याला त्या वर्षी ३० सेकंद होते. सारोनीने जिरो १ मिनिट ७ सेकंदांनी जिंकला, पण बोनस वगळला तर कमी वेळ लागला होता तो विझेंतिनीला. तीस सेकंद ही छोटी रक्कम नाही. तेवढे सेकंद घाटात मिळवायला फुफ्फुसं फाटेपर्यंत चढावं लागतं.

मग बोनस अजिबातच काढून टाकला तर? हा प्रयोगही झाला. टूर द फ्रान्सने २००८ मध्ये बोनस बंद केले आणि २०१४ पर्यंत बंद ठेवले. त्यातलं २०१२ चं साल बघा. लिएजच्या छोट्या सुरुवातीच्या टाइम ट्रायलमध्ये फाबियान कान्सेलारा जिंकला आणि पिवळी जर्सी त्याच्याकडे आली. पुढचे सहा टप्पे कोणी जिंकले? पेटर सागानने तीन, आंद्रे ग्रायपेलने दोन, मार्क कॅव्हेंडिशने एक. रोज संध्याकाळी दुसराच कोणी हात उंचावत होता आणि रोज पिवळी जर्सी मात्र कान्सेलाराच्याच अंगावर होती. डोंगर येईपर्यंत क्रमवारी गोठलेली. कान्सेलारा मोठाच खेळाडू होता, पण पहिल्या दिवशीच्या काही मिनिटांच्या कामावर आठवडाभर जर्सी राहावी आणि नंतरच्या विजयांची क्रमवारीत दखलही घेतली जाऊ नये, हे मला पटत नाही. कॅव्हेंडिशसारख्या स्प्रिंटरला कारकिर्दीत पहिल्यांदा पिवळी जर्सी मिळाली ती २०१६ मध्ये, तीही पहिलाच टप्पा सपाट रस्त्याचा होता म्हणून.

२०१५ मध्ये टूरमध्ये बोनस परत आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने काय करून दाखवलं पाहा. टोनी मार्टिन, तोवर तीन वेळचा टाइम ट्रायल विश्वविजेता, उट्रेख्टच्या पहिल्या दिवशी रोहन डेनिसच्या ५ सेकंद मागे राहिला. कान्सेलारा त्याच्या आणखी १ सेकंद मागे. दुसऱ्या दिवशी नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर वादळी वारा सुटला, घोळका फुटला, डेनिस मागे पडला. मार्टिन पुढच्या गटात होता. कागदावर जर्सी त्याचीच. पण रेषेवर तिसऱ्या जागेसाठी कान्सेलारा आणि मार्टिनचाच संघसहकारी कॅव्हेंडिश यांच्यात झटापट झाली आणि कान्सेलाराने तिसरी जागा घेतली. तिसऱ्याला ४ सेकंद. कान्सेलारा ३ सेकंदांनी पुढे गेला. तिसऱ्या दिवशी बेल्जियममध्ये वीच्या उभ्या चढावर कान्सेलारा आधीच पडून जायबंदी झालेला, मार्टिन पुन्हा जर्सीच्या दारात. तिथे क्रिस फ्रूम दुसरा आला, ६ सेकंद घेऊन गेला आणि मार्टिन १ सेकंदाने राहिला. पाच, तीन, एक.

चौथ्या दिवशी दगडी रस्त्यांच्या टप्प्यावर मार्टिनचं चाक पंक्चर झालं. तो सहकाऱ्याच्या सायकलवर बसला आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये एकटा निघाला. काम्ब्रे गावात ३ सेकंदांच्या फरकाने त्याने टप्पा जिंकला. वर १० सेकंदांचा बोनस. जर्सी शेवटी त्याला मिळाली, आणि ती कोणी मागे पडला म्हणून नव्हे, त्याने ओढून घेतली म्हणून. दोनच दिवसांनी ल आव्रला तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं आणि पिवळ्या जर्सीतच त्याची टूर संपली. त्या चार दिवसांतला प्रत्येक टप्पा क्रमवारीसाठी जिवंत होता. २००८ ते २०१४ च्या हिशेबात दुसऱ्या दिवशीच जर्सी मार्टिनकडे गेली असती आणि काम्ब्रेची ती धाव कदाचित झालीच नसती.

बोनसचा परिणाम फक्त शेवटच्या आकड्यावर होत नाही, रोजच्या डावपेचांवर होतो. समजा, तुमच्या संघाचा मुख्य माणूस शेवटच्या दोनशे मीटरमध्ये वेगवान आहे. मग सकाळी पुढे निघालेल्या पाच-सहा जणांच्या फळीला तुम्ही सुटू देणार नाही, कारण ते आधी पोचले तर बोनस त्यांच्या खिशात जाईल. तुमचे सहकारी दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी वारा खात राबतील. उलट तुमचा माणूस चढात दणकट पण स्प्रिंटमध्ये कच्चा असेल, तर ती फळी सुटलेलीच तुम्हाला बरी. तिने बोनस उचलला की प्रतिस्पर्ध्याला काही उरत नाही. टीव्हीवर पाहताना पुष्कळदा वाटतं, ही माणसं उगाच का ओढताहेत किंवा उगाच का ढिली सोडताहेत. त्याचं उत्तर बहुतेक वेळा या १०-६-४ मध्ये असतं.

ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडरने हे वर्षानुवर्षं दाखवलं. ॲडलेडच्या आसपास होणारी ही आठवड्याची शर्यत, त्या वर्षांतला तिचा निर्णायक चढ म्हणजे विलुंगा हिल. रिची पोर्टने २०१४ ते २०१९ सलग सहा वर्षं त्या टेकडीवर विजय मिळवला. त्या सहांपैकी एकूण विजेतेपद मात्र त्याला एकदाच मिळालं, २०१७ मध्ये. बाकीच्या वर्षी आधीच्या टप्प्यांत सेकंद सेकंद गोळा करणाऱ्यांनी त्याला रोखलं. २०१८ मध्ये तर तो आणि दक्षिण आफ्रिकेचा डॅरिल इंपी शेवटी अगदी एकाच वेळेवर आले आणि टप्प्यांतल्या क्रमांकांच्या हिशेबाने इंपी जिंकला. इंपी विलुंगावरही दुसरा आला होता, चढताना त्याने जीव काढला होता. २०२० मध्ये विलुंगा पहिल्यांदा पोर्टच्या हातून निसटली आणि त्या वर्षी शर्यत त्याने जिंकली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळून पाहावीशी वाटते ती २०२० ची स्पेनमधली व्हुएल्टा. महामारीमुळे ती शरद ऋतूत ढकलली गेली, २१ ऐवजी १८ टप्प्यांची झाली. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच नुकताच टूर द फ्रान्स हरून आला होता. तिथे ५७ सेकंदांची आघाडी घेऊन तो शेवटच्या टाइम ट्रायलला निघाला आणि तादेई पोगाचारने त्या एका दिवसात ती पुसून टाकली. तो धक्का पचवून तो व्हुएल्टात उतरला आणि पहिल्याच टप्प्यावर, अरातेच्या चढावर जिंकला. मोंकाल्व्हियोला पुन्हा जिंकला. इक्वेडोरचा रिचर्ड कारापास, २०१९ चा जिरो विजेता, दोन्ही ठिकाणी त्याच्या मागे दुसरा. दहाव्या टप्प्यात सुआन्सेसला रोग्लिच सकाळी आघाडीवरच्या कारापासच्या १३ सेकंद मागे होता. शेवटच्या चढाच्या स्प्रिंटमध्ये तो जिंकला, १० सेकंद बोनसचे. पंचांनी त्याच्या आणि मागच्यांच्या मध्ये ३ सेकंदांचं अंतर धरलं. दहा आणि तीन तेरा. दोघे समान वेळेवर आले आणि आघाडीची लाल जर्सी रोग्लिचकडे गेली.

पुढे अँग्लिरूच्या भिंतीसारख्या चढावर कारापासने जर्सी परत घेतली, १० सेकंदांनी. एझारोच्या टाइम ट्रायलमध्ये रोग्लिचने ती पुन्हा मिळवली, ३९ सेकंदांनी. सोळाव्या टप्प्यात सिउदाद रोद्रिगोला, जिथे एकूण क्रमवारीच्या माणसांना काही काम नसतं, तिथे रोग्लिच स्प्रिंटमध्ये घुसला आणि दुसरा आला. आणखी ६ सेकंद, आघाडी ४५. दुसऱ्या दिवशी ला कोव्हातियाचा शेवटचा डोंगर. कारापासने तिथे जीव तोडून हल्ला केला. रोग्लिचला त्याच्या मागे राहता येईना. अंतर वाढत गेलं, दहा, पंधरा, एकवीस सेकंद. पण सकाळची फळी वर आधीच पोचली होती, दाव्हिद गोदू टप्पा जिंकून गेला होता, बोनस संपला होता. एकवीसवर काटा थांबला. रोग्लिच २४ सेकंदांनी व्हुएल्टा जिंकला.

हिशेब मांडू या. रोग्लिचने बोनस असलेले तीन टप्पे जिंकले आणि तीनदा दुसरा आला, एकूण ४८ सेकंद. कारापासला दोनदा दुसरा आणि एकदा तिसरा आल्याचे १६. फरक ३२ सेकंदांचा. बोनस नसता तर कारापास ८ सेकंदांनी जिंकला असता. मग हा अन्याय का? माझं उत्तर नाही असं आहे. सिउदाद रोद्रिगोचे ते ६ सेकंद कारापासलाही खुले होते. जिथे बाकीचे विश्रांती घेतात तिथे रोग्लिच लढला, आणि आघाडीवर असताना लढला. शर्यत रोज लढली जावी म्हणूनच हा नियम आहे. तसंच हेही खरं की घड्याळाच्या हिशेबात तीन आठवड्यांत कारापासएवढा वेगवान दुसरा कोणी नव्हता. ही दोन्ही विधानं खरी आहेत आणि क्रीडाप्रेमीला दोन्ही ठाऊक असावीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जिरोमध्ये बोनसने एक विलक्षण दिवस घडवला. सेस्त्रिएरेच्या टप्प्याला निघताना विल्को केल्डरमन आघाडीवर, त्याचाच सहकारी जय हिंडली १२ सेकंदांवर, लंडनचा टाओ गेगन हार्ट १५ सेकंदांवर. केल्डरमन मागे राहिला. वाटेतल्या बोनसवर हिंडलीने गेगन हार्टवर एका सेकंदाची सरशी केली, शेवटी गेगन हार्टने टप्पा जिंकून ४ सेकंदांची. तीन अधिक एक, वजा चार. ८५ तास २२ मिनिटं ७ सेकंद, दोघांचाही वेळ तोच. टाइम ट्रायलमधल्या सेकंदाच्या अंशांवरून आघाडीची गुलाबी जर्सी हिंडलीला दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी मिलानमध्ये टाइम ट्रायलने निकाल लावला. गेगन हार्ट ३९ सेकंदांनी जिंकला. बोनसने दोघांना एका रेषेवर आणून उभं केलं आणि शेवटचा शब्द घड्याळाने उच्चारला. यापेक्षा चांगली कामाची वाटणी मला सुचत नाही.

माझा आक्षेप आहे तो वाटेतल्या घाटमाथ्यावरच्या मोठ्या बोनसला. टूरने अलीकडच्या वर्षांत काही माथ्यांवर ८, ५ आणि २ सेकंद ठेवले. २०२३ मध्ये जू प्लानच्या माथ्याजवळ पोगाचार त्या ८ सेकंदांसाठी सुटला, तर पुढे चाललेल्या दोन मोटारसायकलींनी रस्ता अडवला. त्याची धाव वाया गेली आणि ८ सेकंद योनास विंगेगोरला मिळाले. खाली मोर्झीनला पोगाचार दुसरा आणि विंगेगोर तिसरा. दिवसभराच्या झुंजीनंतर आघाडी ९ ची १० सेकंद झाली. पुढे विंगेगोर साडेसात मिनिटांच्या फरकाने टूर जिंकला, म्हणून तो प्रसंग विस्मरणात गेला. पण गर्दीने भरलेल्या अरुंद घाटमाथ्यावर, जिथे शर्यत संपत नाही, तिथे शेवटच्या विजयाच्या जवळपास तोलाचं बक्षीस ठेवणं धोक्याचंही आहे आणि चुकीचंही. घाटमाथ्यासाठी डोंगराच्या राजाचा किताब आहेच. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्या पहिल्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची आपली परंपरा आहे. तो मान वेगळा, शर्यतीचा निकाल वेगळा.

आता हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुटप्पा शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेली. रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या मुलांमधून उद्याचे सायकलपटू यायचे आहेत, त्यांना हे गणित समजायला हवं. म्हणून आपल्याकडच्या आयोजकांना आणि वृत्तपत्रांच्या क्रीडा विभागांना एक विनंती. अंतिम रेषेवरचे १०-६-४ ठेवा, वाटेतला बोनस तीन सेकंदांच्या वर नेऊ नका, आणि निकाल छापताना प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने द्या, एक रस्त्यावर लागलेल्या वेळेचा आणि दुसरा मिळालेल्या बोनसचा. दोन्ही आकडे पंचांकडे रोज लिहिलेले असतातच.